शुगर आहे आणि सांधेदुखी वाढत चालली आहे? कोल्हापुरात उपचार घेताना काय करावं, काय टाळावं

शुगरची गोळी वर्षानुवर्षं चालू आहे, बहुधा सोबत बीपीचीही आहे, आणि गेल्या काही महिन्यांत सांधे जास्तच धरायला लागलेत, अशा माणसासाठी हा लेख आहे. त्याला दवाखान्यात घेऊन जाणाऱ्या लेकी-सुनांसाठी आणि मुलांसाठीही आहे. मी याच वाटेने गेले. मधुमेह जुना होता. पुढे बोटांचे पेर सुजायला लागले, सकाळी कणीक मळता येईना, आणि शेवटी निदान झालं आमवाताचं, म्हणजे रुमेटॉइड आर्थ्रायटिसचं. आता शेजारपाजारचं कुणी असं दुखणं घेऊन निघालं की मी सोबत जाते. तिथे जे अडतं ते इथे क्रमाने लिहिते.

कोल्हापुरात डॉक्टर कमी नाहीत. अडचण वेगळीच आहे. शुगरचे डॉक्टर एकीकडे, हाडाचे दुसरीकडे, आणि दोघांमधला निरोप्या आपण. तो निरोप अर्धवट पोहोचला की एकाचं औषध दुसऱ्या आजाराला महागात पडतं. सांध्यासाठी घेतलेली गोळी किडनीवर जाते, सांध्यात घेतलेलं इंजेक्शन शुगर चढवतं. म्हणून पुढच्या सगळ्या पायऱ्यांत एकच धडपड आहे: प्रत्येक डॉक्टरला तुमचा पूर्ण आजार दिसला पाहिजे.

१. आधी ठरवा: आजच जायचं की तयारीने जायचं

खालचं काहीही असेल तर पुढचा लेख नंतर वाचा, आधी निघा. रात्र असली तरी अपघात विभागात जा, गाडी नसेल तर १०८ ला फोन करा.

- एकच सांधा अचानक लाल, गरम आणि सुजलेला, सोबत ताप किंवा थंडी. सांध्यात जंतुसंसर्ग झालेला असू शकतो. शुगर असलेल्यांना हा धोका जास्त असतो आणि उशीर झाला तर सांधा कायमचा खराब होतो.
- एक पाऊल सुजलंय, हाताला गरम लागतंय, पण दुखत फारसं नाही. शुगरमुळे पाय बधिर झालेला असेल तर आतली हाडं खचत असली तरी कळत नाही. ‘दुखत नाही म्हणजे काही नाही’ असं समजून चालत राहू नका. त्या पायावर वजनच टाकू नका.
- पडल्यानंतर उभं राहता येत नाही.
- वेदनाशामक गोळ्या चालू असताना शौचाला डांबरासारखं काळं होतंय, लघवी कमी झालीय किंवा चेहऱ्यावर-पायांवर सूज आलीय.

यातलं काही नसेल तर आठवडाभर तयारी करून जाणं जास्त फायद्याचं. सहा आठवड्यांपेक्षा जास्त दिवस सूज टिकली असेल तर मात्र ‘बघू पावसाळा संपल्यावर’ म्हणू नका. आमवातात सांध्याची झीज सुरुवातीच्या काळातच वेगाने होते, आणि औषध लवकर सुरू झालं तर ती रोखता येते.

२. एक कागद तयार करा

माझं ऐकून एकच गोष्ट करणार असाल तर ही करा. वहीचं एक पान घ्या, मोठ्या अक्षरात लिहा आणि दोन झेरॉक्स काढा.

वर नाव, वय, वजन आणि कोणत्या औषधाची ॲलर्जी असेल तर ती. त्याखाली आजार आणि तो कोणत्या साली सुरू झाला: मधुमेह, बीपी, थायरॉइड, किडनी, हृदय, अल्सर, पूर्वी झालेला टीबी, सोरायसिस. सोरायसिस विसरू नका. डोक्यातला किंवा कोपरावरचा तो खवलेवाला चट्टा आणि सांध्याची सूज यांचा थेट संबंध असू शकतो, आणि ‘ते तर कातडीचं आहे’ म्हणून लोक सांगतच नाहीत. आईवडील, भावंडं यांपैकी कुणाला आमवात असेल तर तेही लिहा.

मग औषधं. पाकिटावरचं नाव, किती मिलिग्रॅम, दिवसातून केव्हा. इथे प्रामाणिकपणा लागतो. मेडिकलमधून स्वतः आणलेल्या गोळ्या, काढे, भस्मं, गावाकडून आणलेल्या पुड्या, शेजारणीने दिलेली ‘चांगली’ गोळी, सगळं लिहा. डॉक्टर रागावतील म्हणून लपवलेली पुडी हीच नेमकी गडबडीचं मूळ असते.

शेवटी अलीकडच्या तपासण्या तारखेसह: उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची शुगर, तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी, आणि किडनी कशी चालते ते सांगणारं क्रिएटिनिन.

त्याच पानाच्या मागे आठवडाभराची सांध्यांची नोंद ठेवा. रोज चारच गोष्टी:

- कोणते सांधे दुखले, एका बाजूचे की दोन्ही बाजूंचे.
- सूज दिसली का. मोबाईलवर फोटो काढून ठेवा. डॉक्टरांकडे जायच्या दिवशी सूज हमखास उतरलेली असते.
- सकाळी उठल्यापासून आखडलेपण जायला किती मिनिटं लागली.
- हालचालीने दुखणं वाढलं की कमी झालं.

तिसरी नोंद सगळ्यांत मोलाची. झिजेचा गुडघा उठल्यावर थोडा वेळ, साधारण अर्ध्या तासाच्या आत, मोकळा होतो. दिवसभर चालल्यावर, जिने चढल्यावर दुखतो. आमवातात तासभर किंवा त्याहून जास्त वेळ बोटं मिटत नाहीत, दोन्ही हातांचे छोटे सांधे धरतात, आणि कामाला लागल्यावर उलट जरा बरं वाटतं. पायाचा अंगठा मध्यरात्री अचानक पेटल्यासारखा दुखून लाल झाला असेल तर डॉक्टर युरिक ॲसिडच्या अंगाने विचार करतात. आणि चिकुनगुन्या होऊन गेला असेल तर ताप उतरल्यावरही सांधे कित्येक महिने दुखू शकतात, म्हणून तो ताप कोणत्या महिन्यात आला होता ते लिहाच.

शुगरमुळे होणारी काही दुखणी सांधेदुखीसारखी भासतात. खांदा आखडून हात मागे जात नाही, ब्लाउजचा हुक लावता येत नाही. बोट मिटल्यावर अडकतं आणि खटकन सुटतं. रात्री हाताला मुंग्या येऊन जाग येते. या तिन्ही तक्रारी शुगर असलेल्यांत जास्त आढळतात आणि प्रत्येकीचा उपचार निराळा आहे. शुगरची मेटफॉर्मिन बरीच वर्षं चालू असेल तर बी१२ जीवनसत्त्व कमी होऊन पायांना मुंग्या येऊ शकतात, तेही ‘वाताचं’ म्हणून खपून जातं.

३. पिशवीत काय हवं

- आधार कार्ड आणि रेशन कार्ड, मूळ आणि झेरॉक्स. आयुष्मान कार्ड काढलं असेल तर ते.
- वरचा कागद.
- जुने केसपेपर, रक्ताचे रिपोर्ट, एक्स-रेच्या फिल्मसुद्धा, नुसता रिपोर्ट नको. तारखेप्रमाणे लावा, नवीन वर.
- सगळ्या औषधांची पाकिटं. ‘पांढरी छोटी गोळी’ म्हटल्यावर डॉक्टर काय ओळखणार?
- ग्लुकोमीटर असेल तर तो, शुगरच्या नोंदींच्या वहीसह.
- डबा, पाण्याची बाटली आणि खिशात साखर.

शेवटची ओळ हलक्यात घेऊ नका. उपाशीपोटी रक्त द्यायचं म्हणून माणूस पहाटे गगनबावड्याहून किंवा राधानगरीहून काही न खाता निघतो, सवयीने शुगरची गोळी मात्र घेतो, आणि रांगेत दरदरून घाम फुटतो. उपाशी राहायचं असेल त्या दिवशी गोळी-इन्सुलिनचं काय करायचं ते आदल्या दिवशीच तुमच्या डॉक्टरांना विचारा. हात थरथरायला लागले, घाम आला, नजर फिरली तर रांगेचा विचार न करता तीन चमचे साखर पाण्यातून घ्या, पंधरा मिनिटांनी शुगर तपासा, सत्तरच्या खालीच असेल तर पुन्हा घ्या. सांध्यांच्या बहुतेक रक्ततपासण्यांना उपाशी राहावं लागत नाही, हेही माहीत असू द्या.

४. कोणत्या डॉक्टरकडे आधी जायचं

सांधा म्हटलं की आपण सरळ हाडाच्या डॉक्टरकडे जातो. पडल्याचं दुखणं असेल, एकच गुडघा वर्षानुवर्षं झिजत आला असेल, पाय बाकदार झाले असतील, तर ते बरोबर आहे. पण शुगर आहे, दोन-तीन किंवा जास्त सांधे सुजतात, बोटं-मनगटं धरतात, वजन उतरतंय, अंगात कणकण राहते, अशा वेळी माझं मत स्पष्ट आहे: आधी फिजिशियन, म्हणजे मेडिसिनचे डॉक्टर. तुमची शुगर, किडनी आणि सांधे हे तिन्ही एकाच नजरेने बघणारा माणूस तो आहे. त्याला आमवाताची शंका आली की तो संधिवाततज्ज्ञाकडे, म्हणजे रुमेटॉलॉजिस्टकडे पाठवतो. हे तज्ज्ञ हाडाच्या डॉक्टरांपेक्षा वेगळे. ते ऑपरेशन करत नाहीत, औषधाने सूज आटोक्यात आणतात. वेळ घेताना फोनवर ‘रुमेटॉलॉजिस्टच ना?’ असं विचारून खात्री करा, कारण पाट्यांवर ‘संधिवात’ हा शब्द सगळेच लिहितात.

खेड्यातून येणार असाल तर पहिली पायरी प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा तालुक्याचं ग्रामीण रुग्णालय. बीपी-शुगर तिथेच बघून मिळते आणि पुढची चिठ्ठीही. गडहिंग्लजला उपजिल्हा रुग्णालय आहे, इचलकरंजीला इंदिरा गांधी रुग्णालय आहे; तिकडच्या माणसांनी प्रत्येक वेळी कोल्हापूर गाठायची गरज नाही. चंदगडकडची बरीच माणसं बेळगावला दाखवतात. दाखवा, पण फाईल एकच ठेवा. बेळगावची वेगळी आणि कोल्हापूरची वेगळी अशा दोन फायली झाल्या की दोन्हीकडची वेदनाशामकं एकाच वेळी पोटात जातात.

५. सीपीआरमध्ये पहिला दिवस

छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, आपलं सीपीआर, दसरा चौकाजवळ टाउन हॉलच्या समोर आहे. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेलं असल्यामुळे इथे बहुतेक मोठे विभाग एका आवारात मिळतात. स्टँडवरून किंवा रेल्वे स्टेशनवरून रिक्षाने जवळ आहे, केएमटीच्या बसनेही जाता येतं.

ओपीडी सकाळची. लवकर पोचा. सोमवार आणि सणानंतरचा पहिला दिवस जमलं तर टाळा, गर्दी उसळते. पहिल्यांदा केसपेपर काढायचा. खिडकीवर ‘सांधे दुखतात’ एवढंच सांगितलं तर तुम्हाला अस्थिरोग विभागाचा कागद मिळण्याची शक्यता जास्त. म्हणून सरळ सांगा, ‘शुगर आहे, सांध्यांना सूज आहे, मेडिसिनला दाखवायचंय.’ चुकून दुसरीकडे गेलात तरी बिघडत नाही, तिथले डॉक्टर कागदावर लिहून मेडिसिनला पाठवतात, फक्त सकाळ जाते.

आधी तुम्हाला बहुतेक तरुण निवासी डॉक्टर बघतील. काहीजण त्यावर नाराज होतात. माझा अनुभव असा की तेच सगळ्यांत जास्त प्रश्न विचारतात, सगळं लिहून घेतात आणि अडलं की वरिष्ठांना बोलावतात. त्यांना तुमचा कागद हातात द्या.

सुटे पैसे जवळ ठेवा. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत झाले, पण सीपीआर वैद्यकीय शिक्षण विभागाकडे आहे, त्यामुळे केसपेपरला आणि काही तपासण्यांना थोडे पैसे लागू शकतात. केसपेपर हातात पडला की लगेच मोबाईलवर फोटो काढा. पुढच्या वेळी तो हरवलेला असतो हे मी फार वेळा पाहिलंय.

सोबत एकच माणूस न्या, पण असा न्या की ज्याला तुमची औषधं माहीत आहेत. तीन नातेवाईक एकदम बोलायला लागले की डॉक्टरांना पेशंटचं ऐकूच येत नाही.

६. डॉक्टरांसमोर काय बोलायचं

वेळ थोडा मिळतो. ‘लई दुखतंय ओ डॉक्टर, सगळं अंगच धरतंय’ हे खरं असतं, पण त्यातून निदानाला काही सापडत नाही. घरी एकदा असं म्हणून बघा:

‘डॉक्टर, मला बारा वर्षांपासून शुगर आहे, बीपीची टेल्मिसार्टन चालू आहे. चार महिन्यांपासून दोन्ही हातांची बोटं आणि मनगटं सुजतात. सकाळी तासभर मूठ वळत नाही. महिन्याभरापासून मेडिकलमधून आणलेली वेदनाशामक गोळी रोज एक घेतेय. क्रिएटिनिन मागच्या वर्षी तपासलं होतं, हा रिपोर्ट.’

अर्ध्या मिनिटात सगळं सांगून झालं. मग थांबा आणि त्यांना विचारू द्या.

निघण्यापूर्वी तुम्ही मात्र तीन प्रश्न विचारायचेच. ही गोळी माझ्या किडनीला आणि बीपीच्या औषधासोबत चालेल का? याने शुगर वाढेल का, वाढली तर काय करू? आणि किती दिवस घ्यायची? तिसऱ्याचं उत्तर चिठ्ठीवर लिहून घ्या. पाच दिवसांसाठी दिलेली वेदनाशामक गोळी पाच वर्षं चालू ठेवणारी माणसं मी पाहिली आहेत.

७. तपासण्या, आणि त्यांचा अर्थ लावण्याची घाई

साधारण सांगितल्या जातात त्या अशा: रक्ताचं पूर्ण चित्र म्हणजे सीबीसी, सूज दाखवणाऱ्या ईएसआर आणि सीआरपी, आमवातासाठी आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी, युरिक ॲसिड, क्रिएटिनिन, लिव्हरच्या तपासण्या, थायरॉइड, ड जीवनसत्त्व, एचबीए१सी आणि लघवीतलं प्रथिन. हातांचा किंवा गुडघ्याचा एक्स-रे. गुडघ्याचा उभं राहून काढलेला असेल तर सांध्यातली फट नीट कळते.

रिपोर्ट हातात पडला की लोक मोबाईलवर वाचून घाबरतात. आरए फॅक्टर पॉझिटिव्ह आला म्हणजे आमवातच असं नाही; वय वाढल्यावर निरोगी माणसातही तो येतो. उलट आमवात असूनही काहींचा निगेटिव्ह राहतो. अँटी-सीसीपी त्या मानाने नेमकी. युरिक ॲसिड ऐन दुखण्याच्या वेळी नॉर्मलही येऊ शकतं. रक्त कमी असेल तर एचबीए१सीचा आकडाही फसवा येऊ शकतो. आकड्याला तुमच्या नोंदीची जोड लागते, आणि ती जोड डॉक्टर देतात.

एक सावधगिरी. सगळ्या तपासण्या एकदम ‘पॅकेज’मध्ये करून मगच डॉक्टरकडे जाऊ नका. आधी दाखवा, मग ते सांगतील तेवढ्याच करा. आणि झालेली तपासणी आठ दिवसांत दुसऱ्या दवाखान्यात पुन्हा करायला सांगितली तर जुना रिपोर्ट दाखवून नम्रपणे विचारा, ‘हा चालेल का?’ बऱ्याचदा चालतो.

८. गोळ्या: इथे सगळ्यांत जास्त सांभाळा

*वेदनाशामकं.* डायक्लोफिनॅक, ॲसिक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, इटोरिकॉक्सिब ही मंडळी सूज आणि दुखणं खरंच उतरवतात, म्हणूनच सुटत नाहीत. पण ती किडनीचा रक्तपुरवठा कमी करतात, बीपी चढवतात आणि पोटात व्रण करू शकतात. शुगरने किडनीवर आधीच ताण असतो. त्यात बीपीची टेल्मिसार्टन किंवा रॅमिप्रिल चालू असेल, सोबत लघवी वाढवणारी गोळी असेल आणि वरून हे वेदनाशामक, तर हे त्रिकूट किडनीला अचानक बंद पाडू शकतं. जुलाब-उलट्या चालू असताना किंवा उन्हाळ्यात शेतात पाणी कमी पिणं झालं तर आणखीच. म्हणून मेडिकलच्या काउंटरवर ‘गुडघ्याची एक पट्टी द्या’ ही सवय मोडायची. काहीच जवळ नसताना पॅरासिटामॉल त्या मानाने सुरक्षित, पण त्याचीही दिवसाची मर्यादा आहे, आणि अनेक मिश्र गोळ्यांत ते आधीच असतं. पाकिटावरची बारीक अक्षरं कुणाकडून तरी वाचून घ्या.

*स्टेरॉइड.* तोंडाने घ्यायची प्रेडनिसोलोन असो की सांध्यात दिलेलं इंजेक्शन, शुगर चढते. इंजेक्शननंतर काही दिवस, गोळी चालू असेपर्यंत रोज. सकाळी घेतलेल्या गोळीने दुपारची आणि संध्याकाळची शुगर वाढते. उपाशीपोटीची मात्र ठीक दिसू शकते. फक्त सकाळची शुगर बघून निर्धास्त राहणारे इथेच फसतात. दुपारच्या जेवणानंतर दोन तासांनी तपासा. स्टेरॉइड वाईटच असं नाही. योग्य माणसाला थोडे दिवस दिलं तर त्याने हात मोकळे होतात. ते स्वतःहून सुरू करायचं नाही आणि स्वतःहून एकदम बंदही करायचं नाही, एवढं पाळा.

*मेथोट्रेक्सेट.* आमवाताचं हे मुख्य औषध आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. रोज घेतलं तर जिवावर बेततं. तोंड सोलून निघतं, रक्तातल्या पेशी पार खाली जातात. घरी रोजच्या गोळ्यांच्या डब्यात टाकूच नका. वार ठरवा, कॅलेंडरवर त्या वाराला गोल करा, आणि घरातल्या एका माणसाला सांगून ठेवा. माझा वार बुधवार. फॉलिक ॲसिड डॉक्टर सांगतील त्या वेगळ्या दिवशी. सुरू करण्याआधी लिव्हर, किडनी, सीबीसी, काविळीच्या बी आणि सी विषाणूंची तपासणी आणि छातीचा एक्स-रे करून घेतात. दारू बंद. गर्भधारणेचा विचार असेल तर आधी सांगायचं, त्या काळात हे औषध चालत नाही. परिणाम दिसायला सहा ते बारा आठवडे लागतात, त्यामुळे पंधरा दिवसांत ‘काही फरक नाही’ म्हणून सोडून देऊ नका.

*हायड्रॉक्सीक्लोरोक्विन* ही आमवाताची दुसरी गोळी कुणाला दिली असेल तर ती शुगर खाली आणू शकते, शुगरच्या डॉक्टरांना कळवा. तिच्यासाठी डोळ्याच्या पडद्याची तपासणी लागते, आणि शुगरसाठीही ती दरवर्षी लागतेच. दोन्ही कामं एकाच फेरीत उरका.

९. पुड्या, चोळणं आणि ‘एका आठवड्यात बरं’

माझ्या मावशींना गावाकडे एकाने बिनानावाच्या पुड्या दिल्या. दोन दिवसांत त्या धावायला लागल्या, सगळं घर खूश. पुढे चेहरा गोल झाला, शुगर कशानेच उतरेना, आणि पुड्या संपल्यावर चक्कर येऊन पडल्या. डॉक्टरांनी पाहताच सांगितलं की ही स्टेरॉइडची लक्षणं आहेत. ज्या औषधावर नाव नाही, घटक लिहिलेले नाहीत, आणि जे दोन दिवसांत चमत्कार दाखवतं, ते घेऊ नका. घेत असाल तर अचानक न थांबवता पुडी घेऊनच डॉक्टरांकडे जा. आयुर्वेदिक उपचार करायचे असतील तर पदवीधर वैद्यांकडे करा आणि त्यांनाही तोच कागद दाखवा.

कोल्हापूर तालमींचं गाव. मुरगळलेला पाय, लचकलेला खांदा हाताळणारे जाणते वस्ताद इथे आहेत आणि त्यांच्या हाताला गुण आहे. पण गरम, सुजलेला सांधा हे त्यांचं काम नव्हे. तो ओढायचा नाही, रगडायचा नाही. पाय बधिर असतील तर गरम विटेने किंवा पिशवीने शेकायचंही नाही, भाजलेलं कळत नाही.

१०. पैसे आणि योजना

महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत मिळून कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण आहे, आणि आता सगळ्या रंगांची रेशन कार्डं त्यात बसतात. मात्र हे प्रामुख्याने दाखल होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आहे. ओपीडीतल्या गोळ्या आणि रक्ततपासण्या यात येतील अशी आशा धरून जाऊ नका. ऑपरेशन सांगितलं गेलं तर दाखल होण्याआधी त्या रुग्णालयात योजनेचं काम बघणाऱ्या आरोग्यमित्राला भेटा, तुमचा उपचार यादीत आहे का ते विचारा. पैसे भरून झाल्यावर योजना आठवली तर परत मिळवणं फार कठीण. चौकशीसाठी १५५३८८ किंवा १८०० २३३ २२००. वय सत्तर किंवा त्याहून जास्त असेल तर आयुष्मान वय वंदना कार्ड वेगळं काढून घ्या, त्याला उत्पन्नाची अट नाही.

रोजच्या गोळ्यांसाठी जनऔषधी केंद्रात, म्हणजे स्वस्त जेनेरिक औषधांच्या सरकारी योजनेतल्या दुकानात जा. चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव लिहून द्या अशी विनंती डॉक्टरांना करा, म्हणजे तिथे शोधायला सोपं जातं.

११. घरी

गूळ साखरेपेक्षा बरा, असं आपल्याकडे छातीठोक सांगतात, कारण गूळ घरचा, गुऱ्हाळाचा. शुगरला दोन्ही सारखेच. काकवीही. युरिक ॲसिडचं दुखणं निघालं असेल तर मटण आणि विशेषतः काळीज-वजरी यांवर आवर घाला, सणाला वाटीभर रस्सा किती चालेल ते आहारतज्ज्ञांना विचारा. नुसत्या आमवातात आंबट-वातूळ म्हणून भाज्या, डाळी, ताक सगळंच बंद करून अशक्त होऊ नका.

फिजिओथेरपिस्टकडून मांडीचे आणि हाताचे व्यायाम शिकून घ्या. जमिनीवर बसणं, उकिडवं बसणं कमी करा, शौचालयात खुर्चीची सोय करा. पाय बधिर असतील तर नवी कोरी कोल्हापुरी चप्पल नको, अंगठ्याजवळ घासून जखम होते आणि कळत नाही. माघातले जोतिबाचे खेटे, म्हणजे पायी वाऱ्या, ज्यांनी आयुष्यभर घातलेत त्यांना थांबा म्हणणं माझ्या जिवावर येतं, पण अनवाणी डोंगर चढणं अशा पायांना नको. गाडीने वर जाऊन दर्शन घ्या.

१२. औषध सुरू झाल्यावर

मेथोट्रेक्सेट सुरू झाल्यावर पहिल्या काही महिन्यांत दर दोन ते चार आठवड्यांनी आणि नंतर साधारण तीन महिन्यांनी सीबीसी, लिव्हर आणि क्रिएटिनिन तपासतात. याच तारखेला एचबीए१सी जोडून घ्या. दर भेटीनंतर शुगरच्या डॉक्टरांना सांध्याची नवी चिठ्ठी दाखवा, आणि सांध्याच्या डॉक्टरांना शुगरची.

ताप, सतत कोरडा खोकला, धाप, तोंडात फोड, डोळे पिवळे, यांपैकी काही झालं तर आठवड्याचा पुढचा डोस घेण्याआधी डॉक्टरांना फोन करा. रविवार असेल आणि फोन लागला नाही, तर तो डोस थांबवा आणि सोमवारी सकाळी जाऊन दाखवा. ताप जोराचा असेल किंवा धाप लागत असेल तर सोमवारची वाट न बघता अपघात विभाग गाठा.